तिसरा पुकारा

साहेब, माझ्या आईचा निवाडा तुम्ही लिलावात काढलात.

तो निवाडा तुमचा होता. त्यासाठीच तुम्हाला झगा होता, बंगला होता, देवळातली उंच पाठीची खुर्ची होती. पण तुम्हाला काही अंगाशी येऊ द्यायचं नव्हतं. म्हणून माझी आई तुम्ही एका डांगराबरोबर टेबलावर मांडलीत आणि मंडळीला म्हणालात, घ्या, तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हा तुम्ही आमच्या सोनगव्हाणच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होतात. आता हुद्द्यानं फार वर गेलात. पण त्या दिवशी जेवायची वेळ झाली म्हणून तुम्ही मध्येच उठून गेलात, त्यामुळं पुढचं तुम्हाला ठाऊकच नाही. ते आधी ऐका. मला विचारायचं ते मी शेवटी विचारीन.

कापणीच्या सणाच्या आधी तीन-चार दिवस तुम्ही आमच्या घरी आलात. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजेवर धुतलेली चादर टाकली. मी चहा ठेवला. आई आत भाकरी थापत होती, ती बाहेर आली नाही. तुम्ही चहाला हात लावला नाहीत.

"हनोखराव, तुम्ही मंडळीचे पंच," तुम्ही म्हणालात. "तुमच्याच घरात हे असं चाललं, तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"काय चाललंय माझ्या घरात?"

"सगुणाबाईंनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणे. पाटाच्या पाण्यात, त्या शेडवाल्यांकडून. खरं आहे?"

आण्णा खाली बघत राहिले. आतून आईच म्हणाली, "खरं हाये."

"बाई, बाप्तिस्मा एकदाच असतो. तुमचा तान्हेपणीच झालेला आहे. याच देवळात."

"झाला असंल. मला काय आठवत नाय. मी म्हणं तव्हा झोपले व्हते."

आण्णांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं. तुम्ही मात्र चिडलात.

पाटाच्या पलीकडं, ऊसतोडीवाल्यांच्या खोपटांजवळ एक पत्र्याची शेड होती. तिथं ब्रदर सॅमसन नावाचा एक माणूस दर रविवारी दुपारी प्रार्थना घ्यायचा. ढोलकी, टाळ्या, हात वर करून रडणं, मोठ्यानं ओरडणं. आपल्या देवळात कसं, उठा म्हटलं की उठायचं, बसा म्हटलं की बसायचं, गीताची चार कडवी म्हणायची आणि खोकला आला तरी रुमालात खोकायचं. आमचा अमोस गेल्यापासून आई शेडमध्ये जायला लागली होती. अमोस माझा धाकटा भाऊ. तो नऊ वर्षांचा होऊन गेला. तो कसा गेला याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. पण आईनं देऊळ सोडलं नव्हतं. सकाळी देवळात, दुपारी शेडमध्ये. तुम्हाला टोचत होतं ते हेच.

"एक तर इथं या, नाहीतर तिथं जा," तुम्ही म्हणालात. "दोन दगडांवर पाय ठेवून कसं चालेल?"

आई पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "दोन दगड कुठले, साहेब? सकाळी तुमच्याकडं त्याच्याच नावानं येते, दुपारी तिकडं त्याच्याच नावानं जाते. त्याला चालतंय. तुम्हालाच का अडचण व्हतीय?"

"मंडळीसमोर उभं राहून म्हणा की चूक झाली. मी सगळं मिटवतो."

"चूक नाय झाली."

तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत बसलात. मग तुमच्या डोक्यात ती कल्पना आली. "ठीक आहे. मी तुमचं नाव मंडळीतून काढत नाही. उगाच लोक म्हणतील पाळकानं एका बाईवर सूड घेतला. रविवारी सणाला तुमचं दान येईलच ना? मंडळीतल्या कुणीही ते लिलावात उचललं, तर तुम्ही आमच्या. मग शेडचं मी नाव काढणार नाही. कुणीच उचललं नाही, तर मंडळीनंच उत्तर दिलं असं धरू."

"आणि तसं झालं तर?" आण्णांनी विचारलं.

"तर प्रभुभोजन नाही. आणि आपल्या दफनभूमीत जागा नाही."

आई तिथंच खांबाला टेकली. दफनभूमीत अमोस होता. त्याच्या शेजारी हातभर वाव सोडून तिनं दगड रोवले होते, स्वतःपुरते. दर शनिवारी ती तिथलं गवत काढायची. आपल्या जागेवरचंही काढायची.

"मंजूर," आण्णा म्हणाले.

लगेच म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. तिथं आण्णा फसले. दुसऱ्या कुठल्या माणसाला अशी चूक सुचलीच नसती, ती लिलाव पुकारणाऱ्यालाच सुचली.

कारण सणाचा लिलाव आण्णाच पुकारायचे. आपल्याकडं कापणीच्या सणाला जो तो आपल्या घरचं पिकलेलं आणतो, बाजरी, शेंगा, अंडी, कोंबडा, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. तुम्हाला हे सांगायला नको. पण तुम्ही शहरातले, तुम्हाला त्यातली गंमत कधी कळली नाही. तो लिलाव मालासाठी नसतोच. तुझ्या घरचं मी नेतो, माझ्या घरचं तू ने. चार अंड्यांसाठी भावाभावात ईर्षा लागायची. आण्णा पुकारायला लागल्यापासून एक दान कधी टेबलावर राहिलं नव्हतं. नियम दोनच. घरच्यानं घरचं उचलायचं नाही, आणि तीन पुकारे झाल्याशिवाय लिलाव तुटत नाही, म्हणजे संपला असं धरत नाहीत.

तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "कशाला हो म्हणलात? मला विचारायचं तरी."

"अगं, गेल्या साली मकासरे मास्तरनं कान तुटलेलं मडकं घेतलं. डांगराला कोण नाय म्हणणाराय?"

"डांगराला नाय म्हणणार नाहीत. मला म्हणतील."

"तू फार विचार करतीस. आणि जरा हळू प्रार्थना करत जा. काल रात्री शेजारच्या धोंड्याची म्हैस बुजली."

"तुमच्यासारखी भिंतीकडं तोंड करून गप बसू?"

"गप बसलं तरी त्याला ऐकू जातं. देव काय बहिरा हाये का?"

"देव बहिरा नाय वो," आई म्हणाली. "मीच मुकी झाले व्हते."

आण्णा उठून बाहेर गेले. ते नेहमीच असे बाहेर जायचे. अमोस गेल्यापासून दोघांचं असंच चाललेलं. एक ओरडून बोलायची, एक अजिबात बोलायचा नाही, आणि मधल्या भिंतीला पाठ लावून मी झोपायची. मी वीस वर्षांची होते. दोघांचा देव एकच आहे हे मला कळत होतं. पण त्या घरात त्याच्याशी कसं बोलावं ते मला कळत नव्हतं. आईसारखं ओरडायची लाज वाटायची आणि आण्णांसारखं गप बसलं की झोप लागायची.

सणाच्या आदल्या दिवशी आई शेडकडं निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. तिला वाटलं होतं, तिथल्या दोन-चार बाया उद्या तिच्या बाजूला उभ्या राहतील. लिलावात बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. ब्रदर सॅमसन सतरंज्या झटकत होता. काळासावळा, हडकुळा माणूस, आवाज मात्र गोड.

"सिस्टर, तुम्ही उद्या तिथं जाऊच नका," तो म्हणाला. "देवाच्या अंगणात बाजार मांडतात ते लोक. ती मेलेली मंडळी आहे. तुम्ही त्यातून बाहेर आलात."

"मी बाहेर नाय आले, ब्रदर. मी हिकडं आले."

"एकच गोष्ट आहे."

"एक कशी? माझं लेकरू त्या भिंतीच्या आत झोपलंय."

"तो तिथं नाही, सिस्टर. तो वर आहे."

"वर हाये ते ठावं हाये मला. पण मी त्याला खाली ठेवला ना. ह्या हातांनी."

ब्रदर सॅमसन सतरंजी झटकतच राहिला. शेवटी म्हणाला, "मी कुणाला पाठवणार नाही. माझ्या लोकांचा विश्वास अजून कोवळा आहे."

परत येताना आई पाटाच्या पुलावर थांबली नाही. ती तिथं कधीच थांबत नसे, खाली बघतही नसे, भरभर पार व्हायची. अलीकडं आल्यावर म्हणाली, "हे म्हणत्यात तिकडं जाऊ नको. ते म्हणत्यात हिकडं जाऊ नको. मग मी काय पाटात राहू का, रिबका?"



रविवारी देऊळ भरलं होतं. बाजरीची ताटं खांबांना बांधली होती, वेदीपुढं शेंगांचा ढीग. आईनं डांगर डोक्यावर घेऊन आणलं. घरावर चढवलेल्या वेलाचं, चांगलं दोन्ही हातांत न मावणारं. तिनं ते पुढं नेऊन ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या जागी, बायकांच्या बाजूला खिडकीपाशी बसली. तिच्या बाकावरच्या बाया हळूहळू सरकल्या.  उपासना सुरू झाली तेव्हा त्या बाकावर ती आणि मी, दोघीच.

उपासनेनंतर अंगणातल्या लिंबाखाली टेबल लागलं. आण्णांनी टोपी मागं सारली आणि आवाज लावला. घरात गप बसणारा माणूस, पण टेबलामागं उभा राहिला की त्याच्या अंगात यायचं.

"ही कोंबडी बघा. मकासरे मास्तरांच्या घरची, म्हणजे शिकलेली. अंडं घालताना इंग्रजीत ओरडती. कोण घेतो?"

"पास झालीय का पण?" कुणी तरी ओरडलं.

"मास्तर स्वतःच कुठं झालाय!" दुसरं कुणी.

हशा. मास्तरही हसले. त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, पदर तोंडाला लावला. एक वार, दोन वार, तीन वार, कोंबडी गेली. केळीचा घड गेला, अंडी गेली, बाजरी गेली. फाटकाबाहेर कासमभाई गारेगारवाला सायकल टेकून मजा बघत होता. तुम्ही खुर्चीवर सावलीला बसून हसत होतात. डांगर शेवटी घ्यायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

मग टेबलावर तेवढंच उरलं.

"सगुणाबाई ठोकळ यांचं दान," आण्णा म्हणाले. आवाज तोच होता, थट्टेचाच. "हे डांगर माझ्या डोक्यावर वाढलंय. म्हणजे कौलांवर. रात्री पडंल म्हणून मी पावसाळाभर भिंतीकडच्या अंगाला झोपलो. कोण घेतो?"

कुणी हसलं नाही.

"चला. बोला. घारगे करा, भाजी करा. एक वार."

मी सगळ्यांची तोंडं बघत होते. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. कुणाचा मुलगा तुमच्या शाळेत शिपाई लागायचा होता. कुणाच्या मुलीच्या लग्नाला तुमची सही लागणार होती. वाईट कुणी नव्हतं, साहेब. ज्या बाया आईच्या बाकावरून सरकल्या, त्यांनीच अमोसला न्हाऊ घातलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी बोलेल. बोलेलच.

"दोन वार," आण्णा म्हणाले. आता थट्टा नव्हती.

"मी घेतो की!" फाटकावरून आवाज आला. कासमभाई. "घरी पाहुणे आल्यात. चांगलं तोलदार दिसतंय."

आण्णांचा चेहरा उजळला. तुम्ही हात वर केलात. "मंडळीतला माणूस पाहिजे."

"अवो, डांगर काय कलमा विचारून शिजतंय का?" कासमभाई म्हणाला. दोघं-तिघं हसले, तुमच्याकडं बघून गप झाले.

मकासरे मास्तरांचा हात वर येताना मी पाहिला. छातीपर्यंत आला. विमलबाईंनी तो धरून खाली घेतला. त्या दिवशी तुमचं जेवण त्यांच्याकडं होतं.

मग तुम्ही उठलात. फार मऊ आवाजात म्हणालात, "सगुणाबाई, अजून वेळ गेली नाही. एक वाक्य बोला. पाटात उतरले ती माझी चूक झाली, एवढंच. हे डांगर मी स्वतः उचलतो."

आई पुढं आली. मला वाटलं, म्हणेल. अमोसच्या शेजारच्या जागेसाठी ती काहीही म्हणेल असं वाटलं. मी मनात म्हणत होते, म्हण ना गं, म्हण आणि घरी चल.

"तुम्ही विचारलं म्हणून सांगते," ती म्हणाली. शेडमध्ये ओरडणारी बाई, पण तिथं अगदी हळू बोलली. मागच्या लोकांना पुढं सरकावं लागलं. "माझा अमोस पाटात गेला. सगळ्यांना ठावं हाये. म्हशीला पाणी दाखवायला गेला आन् पाय घसरला. मी काठाला व्हते. मला पवता येत नाय. त्याचा हात मला दिसत व्हता." ती थांबली. "त्या दिसापासून मी त्या पाण्याकडं बघितलं नाय. पुलावरून जाताना डोळे मिटायची. घागरीतल्या पाण्यात सुदिक मला त्योच दिसायचा. हितं देवळात तुम्ही सांगितलं, देवाची इच्छा. बरं. घरी यांनी तोंड फिरवलं. तेबी बरं. त्या शेडवाल्यानं इचारलं, बाई, तुला कशाची भीती वाटती? मी म्हणलं, पाण्याची. तो म्हणला, चल, मी हात धरतो. त्यानं धरला. मी खाली गेले. आन् मी वर आले, साहेब. पोरगं वर नाय आलं, पण मी वर आले. ते चुकलं असं मी कसं म्हणू?"



मी आण्णांकडं पाहिलं. दोन्ही हात डांगरावर ठेवून ते उभे होते आणि आईकडं बघत होते. दीड वर्षात त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं नव्हतं. हे त्यांनी आधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

तुम्ही घसा साफ केलात. "दुःख आम्हालाही आहे. पण शिस्त ती शिस्त. हनोखराव, तिसरा पुकारा करा."

आण्णा म्हणाले, "दोन वार."

"दोन झालेत. तिसरा करा."

"दोन वार," आण्णा म्हणाले. "डांगर आहे. सगुणाबाईचं आहे. दोन वार."

"हनोखराव!"

"साहेब, पुकारा माझा हाये. घाई करू नका. माणसं विचार करतायत. दोन वार!"

तुम्ही घड्याळ बघितलंत. मग मकासऱ्यांच्या घराकडं. "त्यांना काय करायचं ते करू द्या," म्हणालात आणि निघालात. विमलबाई लगबगीनं पुढं गेल्या, पानं वाढायला. मास्तर तुमच्यामागं गेले. फाटकापाशी त्यांनी एकदा वळून पाहिलं.

इथवर तुम्हाला माहीत होतं. आता पुढचं.

आण्णा थांबले नाहीत. एकेक घर उठून जात होतं, पोरं भुकेली झाली होती, बाया कोंबड्या पाय बांधून नेत होत्या, आणि आण्णा दर थोड्या वेळानं म्हणत होते, दोन वार. आधी पुकाऱ्याच्या सुरात. मग साध्या आवाजात. मग नुसतं सांगितल्यासारखं. जाणारे लोक त्यांच्याकडं न बघता टेबलाला वळसा घालून जात होते. ऊन लिंबाखालून सरकून टेबलावर आलं. शेवटी अंगणात आम्ही तिघं उरलो. आई टेबलाच्या पायाशी मातीत बसली.

"दोन वार," आण्णा रिकाम्या अंगणाला म्हणाले.

"बसा आता," आई म्हणाली. "कोण ऐकतंय?"

"ऐकंल कुणीतरी."

"घसा फाटंल."

"फाटू दे."

कासमभाई फाटकातून आत आला. त्या अंगणात तो पहिल्यांदाच आत आला असेल. काडीवरचं लाल गारेगार त्यानं आण्णांच्या हातात दिलं. "चोखा, हनोखभाऊ. घशाला बरं वाटंल. तसंबी विरघळायला लागलंय." आईला एक दिलं, मला एक दिलं आणि सायकल घेऊन गेला. आम्ही तिघं देवळाच्या अंगणात उभं राहून गारेगार चोखत होतो. आण्णांचे ओठ लाल झाले. आईला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि नेहमीसारखी ओरडून नाही रडली, आण्णांसारखी गप रडली.

आण्णा तिच्याशेजारी मातीत बसले.

"तू मला कधी सांगितलं नाय."

"कधी सांगू? तुम्ही उठून बाहेर जायचा."

"मी पाटावरच जायचो," आण्णा म्हणाले. "रोज. जिथं घसरला तिथं बसायचो."

आई त्यांच्याकडं वळली. "आन् मी घरात ओरडायची."

"मला ऐकू यायचं. पाटापत्तूर ऐकू यायचं."

मी लांब जाऊन देवळाच्या पायरीवर बसले. मला फार एकटं वाटलं तेव्हा. दीड वर्ष तीन माणसं एका घरात राहिली, भाऊ माझाही होता, आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

"मला तिथं टाळ्या वाजवायला जमायचं नाय," आण्णा म्हणत होते.

"कोण म्हणतंय वाजवा?"

"आन् ते हात वर करून रडणं."

"नका करू. तुम्ही भिंतीकडं बघा."

"पण मी तुला सोडायला येत जाईन."

"पुलापत्तूर?"

"शेडपत्तूर."

मग ते पुन्हा उठले आणि त्यांनी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. घशातून नुसती हवा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायरीवरून उठले, टेबलामागं गेले आणि पुकारलं, "दोन वार." माझाच आवाज मला परका वाटला. देवळाच्या भिंतीवर आपटून परत आला.

तिन्हीसांजेपर्यंत मी पुकारत होते. मग आम्ही घरी गेलो. डांगर टेबलावरच ठेवलं. त्याचं पुढं काय झालं, कुणी नेलं, मला माहीत नाही.

घरी आल्यावर मी आण्णांना म्हणाले, "तिसरा म्हणून टाकायचा ना. निदान संपलं तरी असतं."

त्यांनी मान हलवली. मला जवळ बोलावलं आणि कानाशी, त्या हवेच्या आवाजात म्हणाले, "माल अजून उभा हाये. लिलाव तुटला नाय."

पुढच्या रविवारी तुम्ही जाहीर केलंत की मंडळीनं उत्तर दिलं आहे, सगुणाबाईंचं नाव निघालं आहे. आण्णा पंचांतून उठले. लिलाव पुन्हा त्यांनी कधी पुकारला नाही, दुसऱ्यानं पुकारला, आणि मी ऐकलंय की त्यानंतर दानं उरायला लागली. आईनं देवळात येणं सोडलं नाही. आत बसू देत नव्हते, तेव्हा पायरीवर बसायची. आण्णा आत बसायचे, दाराजवळच्या बाकावर, म्हणजे दोघांत फक्त चौकट. प्रभुभोजनाला पेला फिरत आला की आण्णा तो न घेता पुढं द्यायचे. दुपारी दोघं पाट ओलांडून जायचे. आई शेडमध्ये टाळ्या वाजवायची, आण्णा बाहेर बाभळीखाली, शेडकडं पाठ करून, मुकाट. ब्रदर सॅमसन त्यांना आत बोलवायचा. आण्णा म्हणायचे, "मी हितं आतच हाये." शेवटी शेवटी त्या माणसानं बाभळीखाली एक खुर्ची ठेवून दिली. त्याला एवढं तरी सुचलं.

आण्णा गेले तेव्हा त्यांना आम्ही अमोसच्या एका अंगाला ठेवलं. दुसऱ्या अंगाला आईचे दगड अजून आहेत.

आता ती बसल्या जागी असते. दोन महिन्यांपूर्वी मी इथल्या नव्या पाळकांकडं गेले. पोरगा चांगला आहे, घाबरला. म्हणाला, वरून विचारून घ्या. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही मला ओळखलंत, 'सलाम' म्हणालात आणि म्हणालात, "रिबकाबाई, तो प्रश्न तेव्हाच मंडळीनं सोडवला. आता जुनं कशाला उकरता?"

मंडळीनं काही सोडवलेलं नाही, साहेब. तीन पुकारे झाल्याशिवाय लिलाव तुटत नाही. हा नियम तुमच्या आधीपासूनचा आहे आणि तुम्हीच त्याच्यावर आईचं नाव पणाला लावलंत. तिसरा पुकारा झाला नाही. मी शेवटपर्यंत तिथं होते. तुम्ही जेवायला गेला होतात. मग नाव कुणी काढलं? मंडळीनं नाही काढलं. तुम्ही काढलंत, आणि मंडळीच्या अंगावर ढकललंत.

रविवारी सकाळी मी तिची वेणी घालते तेव्हा ती विचारते, "साहेब काय म्हणले गं?" मी म्हणते, विचारलंय. पुढच्या रविवारी पुन्हा विचारते. तिला अजून चांगलं ऐकू येतं.

आता मला फोनवर नको, निरोपानं नको. सोनगव्हाणला या. तिच्यासमोर बसा, चहा घ्या, आणि ती ऐकेल अशा आवाजात स्वतःच्या तोंडानं सांगा. तिला तिच्या लेकराशेजारी ठेवू देणार का नाही?